मोरपंखीचं गाव कोणतं?

गणपती गावाला गेले, मखर माळ्यावर चढलं, मोदकपात्र घासूनपुसून फडताळात गेलं आणि बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत एकदम सामसूम झाली. सणासाठी आलेली माझी धाकटी नणंद अजून दोन दिवस राहणार होती. दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर ती स्वयंपाकघरात आली, दार अलगद लोटलं आणि पर्समधून कागदाची एक पुडी काढून ओट्यावर ठेवली.

“वहिनी, हे काय आहे सांगशील? तू शाळेत शिकवतेस म्हणून विचारते. आईला मात्र बोलू नकोस.”

पुडीत काळ्या दोऱ्यासारखे वाळलेले देठ होते आणि चुरगळलेली बारीक बारीक पानं. कुठल्याशा बाजारात एका जडीबुटीवाल्याने तिला ती ‘मयूरशिखा’ म्हणून दिली होती. दुधातून घ्यायची, म्हणजे कूस उजवते, असं सांगून. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली आहेत. या सात वर्षांत तिने काय काय ऐकून घेतलं असेल, ते मैत्रिणींनो, तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. गौरीजेवणाच्या दिवशी आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकीने तिला तोच प्रश्न विचारला होता, आणि प्रत्येक वेळी ती हसून ताट उचलून आत गेली होती.

“घेतलीस का यातली?” मी घाबरून विचारलं.

“नाही अजून. भीती वाटते. आणि टाकवतही नाही.”

मी पान तळहातावर घेतलं आणि म्हटलं, “हे तर हंसराज दिसतंय.” म्हटलं खरं, पण माझं मलाच खात्रीचं वाटेना. मी बी. ए. झालेली, तीही मराठी घेऊन. शाळेत अर्धा वेळ शिकवते. पावसाळ्यात विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, तेव्हा त्यांचे तास माझ्याकडे आले होते. सहावीच्या मुलींना कुंपणाच्या भिंतीपाशी नेऊन मी सांगितलं होतं, “ही सगळी नेची. यांना हंसराज म्हणतात.” सगळ्यांना मिळून एकच नाव! तेव्हा ते खपून गेलं. आता ओट्यावरच्या पुडीला तसं सांगून भागणार नव्हतं.

शेवटी विज्ञानाच्या बाईंनाच फोन लावला. त्या म्हणाल्या, “वाळका चुरा बघून झाड ओळखायला जाऊ नका. मयूरशिखा या नावाखाली निदान तीन झाडं दाखवली जातात. मोराच्या पिसाऱ्यासारखं एक नेचं, हंसराजाच्या भावंडांपैकी एक नेचं, आणि आपल्या अंगणातला फुलझाडाचा कोंबडा. जिवंत झाडं बघा, पानं उलटून बघा. उद्या मोकळ्या असाल तर आधी शिरगावच्या किल्ल्यावर जा, मग वाघोबा खिंडीत. पाऊस ओसरलाय, हेच दिवस आहेत.”

शिरगावच्या तटाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उरलेलं पंचखाद्य डब्यात भरलं. ‘ह्यां’ची दुपारपाळी होती. “भिंतीवरचं गवत बघायला तिकीट काढून चाललात!” म्हणून त्यांनी चिडवून घेतलं. सासूबाईंना किल्ला बघायला जातो एवढंच सांगितलं. नणंद, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक अशा तिघी बोईसरहून लोकलने निघालो. मध्ये एक उमरोळी, की लगेच पालघर. स्टेशनबाहेरून सातपाटीकडे जाणारी वाहनं शिरगावावरूनच जातात.

शिरगावचा किल्ला समुद्राच्या अगदी जवळ आहे. फार मोठा नाही, पण तट आणि बुरूज अजून ताठ उभे आहेत. हा सगळा किनारा एके काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर आणि हे शिरगावही मराठ्यांकडे आलं. आम्ही मात्र त्या दिवशी इतिहास बघायला आलो नव्हतो. तिघीही तटाच्या सावलीकडच्या अंगाला भिंतीला नाक लावून उभ्या राहिलो.

भिंतीच्या ओल्या सांदीसांदीतून हंसराज लोंबत होता. काळाभोर, चकचकीत, केसासारखा देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या चंद्रकोरींसारख्या पर्णिका. प्रत्येक चंद्रकोरीला स्वतःचा बारीकसा देठ. लेकीने बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर थेंब पानावरून मोत्यासारखे घरंगळून गेले, पान कोरडंच. याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द ‘ॲडिॲन्टम’ हा ‘न भिजणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, ते तिथे पाणी ओतून बघितल्यावर पटलं.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे पान उलटलं. पर्णिकेची कड आतल्या बाजूला दुमडलेली होती, साडीच्या काठाला फॉल लावावा तशी. त्या दुमडीत तपकिरी रेघ. तीच नेच्याची बीजुकं. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पिठाहून बारीक अशी ही बीजुकं वाऱ्यावर उडतात. ओल्या जागी पडली तर त्यांच्यातून नखाएवढी किंवा त्याहूनही लहान, बदामाच्या आकाराची हिरवी पाकळी उगवते. नर आणि मादी दोन्ही अवयव त्या पाकळीवर असतात, पण ते जुळायला मध्ये पाण्याचा थेंब लागतो. तो मिळाला, तरच नवं नेचं जन्माला येतं. म्हणून तर आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीच्या भिंती हिरव्या होतात.

“म्हणजे दोघांचंही ठीक असावं लागतं, आणि वर पाणीही लागतं,” नणंद हळूच म्हणाली. मी काही बोलले नाही.

काही पानांची टोकं लांब होऊन दगडाला टेकली होती आणि तिथे इवलं नवं रोप धरलं होतं. टोक टेकवत टेकवत हे नेचं भिंतीवरून पुढे सरकतं. लेकीला याची फार गंमत वाटली. एका आजीपासून पणतीपर्यंत रोपं तिने बोटावर मोजली.

याची नावंही अशीच एकातून एक निघालेली आहेत. लिनियसने १७५३ साली याला फिलिपाइन्स बेटांवरून ‘फिलिपेन्स’ म्हटलं. पुढे १७६८ साली बर्मन नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने चंद्रकोरीवरून ‘लुन्युलेटम’ हे नाव दिलं. ही दोन नावं एकाच नेच्याची की दोन वेगळ्या नेच्यांची, यावर जाणकारांचे वाद अजून चालतात. आणि नावात फिलिपाइन्स असलं तरी ते काही त्या बेटांपुरतं नाही. भारतात आहे आणि उष्ण आफ्रिकेतही त्याची नोंद आहे.

चुन्याच्या नव्या गिलाव्यावर मात्र एकही नेचं दिसलं नाही. त्यांना जुनी, सांदी पडलेली, ओल धरणारी भिंत लागते. आपण घर रंगवायच्या आधी असल्या भिंती खरवडून काढतो, तेव्हा काय काय खरवडतो ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं.

या किल्ल्यात अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ताडाचं झाड म्हणजे सरळसोट एकच खोड, हे आपल्याला माहीत. इथे मात्र फांद्या फुटलेला ताड आहे. खोडाला दोन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन. दहा तोंडांचा म्हणून त्याला रावणताड म्हणतात. या ताडाचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत राहतात. त्याच्या शास्त्रीय नावात ‘डायकोटोमा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ दोन दोन फाटे फुटत जाणारा. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरूच्या सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. लेक वाळूत शिंपले शोधायला लागली आणि नणंद सात वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. तपासण्या झाल्या होत्या, पण फक्त तिच्या. त्यांत काही दोष निघाला नव्हता. जावईबापूंना तपासून घ्या असं म्हणायचं धाडस सासरी कोणालाच झालं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. “पुडी घेणं त्यापेक्षा सोपं होतं गं वहिनी,” ती म्हणाली.

वाघोबा खिंडीत

परत पालघरला येऊन आम्ही रिक्षा केली. समुद्राकडे पाठ करून मनोरच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात डोंगर जवळ येतात आणि वाघोबाची खिंड लागते. इथे वारली लोकांचा वाघोबा देव आहे. जाणारे-येणारे गाडी थांबवून हात जोडतात. भर पावसात धबधब्यासाठी रविवारी इथे फार गर्दी असते. आम्ही आडवारी गेलो होतो, त्यामुळे निवांत होतं.

किनाऱ्यावरच्या ओल्या भिंतीनंतर इथला काळा कातळ वेगळाच वाटला. वरून पाणी झिरपतं, पण ऊन लागलं की तासाभरात दगड तापतो. आम्ही रस्त्याच्या कडेने वाकून वाकून चाललो होतो. काकड्या विकायला बसलेली एक वयस्क बाई आमच्याकडे बघून हसली. “काय पडलं काय तुमचं?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “मावशी, मोराच्या पिसासारखं पान असतं ते शोधतोय.”

“मोरपंखी? ती काय तिथं, उन्हाच्या अंगाला.”

तिथे जायच्या आधी, सावलीतल्या एका मातकट दरडीवर नणंदेला ओळखीचं काहीतरी दिसलं. तिने पुडी काढली आणि शेजारी धरली. तेच ते! लांब, अरुंद, शेपटीसारखं लोंबणारं पान, दोन्ही बाजूंना लहान लहान पर्णिका. हंसराजासारखंच, पण तसं नव्हे. देठावरून बोट फिरवलं तर बारीक लव लागली. हंसराजाचा देठ काचेसारखा गुळगुळीत असतो. याच्या पर्णिकांना जवळजवळ देठच नव्हता आणि वरची कड कात्रीने कातरल्यासारखी होती. लव आणि कातर, या दोन खुणांवर पुडीतला चुरा ओळखू आला. याचंही टोक लांबून जमिनीला टेकलं होतं आणि तिथे नवं रोप फुटलं होतं.

या नेच्याचं शास्त्रीय नाव ‘ॲडिॲन्टम इन्सायझम’, म्हणजे कातरलेला हंसराज. जुन्या पुस्तकांत हे आणि याच्यासारखंच दुसरं ‘कॉडेटम’, म्हणजे शेपटीचं, या दोन्हींची बरीच सरमिसळ झालेली आहे. ‘इन्सायझम’ हे नाव देणारा पेटर फॉर्स्कोल येमेनमध्ये झाडं गोळा करता करता १७६३ साली हिवतापाने वारला. त्याचं लिखाण त्याचा सोबती कार्स्टन नीबूर याने सांभाळलं आणि १७७५ साली छापून काढलं. हा नीबूर त्याच सफरीत येमेनहून जहाजाने आपल्या मुंबईला आला होता, आणि इथे पुष्कळ दिवस राहिला होता. त्याच्यासारखंच हे नेचंही समुद्राच्या दोन्ही अंगांना आहे. आफ्रिकेत, अरबस्तानात आणि आपल्याकडे.

“म्हणजे त्याने मला फसवलं,” नणंद म्हणाली.

तसंही म्हणता येईना. कारण काही ठिकाणी याच शेपटीच्या नेच्याला मयूरशिखा म्हणतात. मोराला शेपटीही आहे आणि तुराही आहे. कोणी शेपटी बघून नाव ठेवलं, कोणी पिसारा बघून, कोणी कोंबड्याच्या फुलात मोराचा तुरा पाहिला. नाव एक, झाडं तीन. विकणारा खोटं बोलला असेल किंवा नसेलही. पण घेणारीच्या पोटात काय जातंय, ते या नावावरून कळत नाही, हे मात्र खरं.

पिसारा

मग उन्हाच्या अंगाला गेलो आणि तिघीही गप्पच झालो. कातळाच्या भेगेत, जिथे चिमूटभर माती असेल नसेल, तिथे टीचभर उंचीची मोरपंखी ओळीने उभी होती. काडीसारखा देठ आणि त्याच्या टोकाला अर्धगोल पंखा. पंख्याची प्रत्येक पट्टी दोनांत दुभंगलेली, त्या दोन पुन्हा दोनांत, असं करत टोकाला दोऱ्याएवढी बारीक झालेली. थेट पिसारा! लेक म्हणाली, “आई, हा तर किल्ल्यातला छोटा ताड.” आणि ते खरंच होतं. आयुर्वेदाच्या जुन्या पुस्तकांत या नेच्याचं नाव ‘ॲक्टिनिऑप्टेरिस डायकोटोमा’ असं दिलेलं असतं. तोच तो रावणताडाच्या नावातला शब्द. आता याला ‘रेडिएटा’ म्हणतात, म्हणजे किरणांसारखी पसरलेली. पानाच्या पट्ट्या उलटून पाहिल्या तर दोन्ही कडा आत दुमडलेल्या होत्या आणि दुमडीखाली बीजुकांच्या रेघा होत्या.

या इवल्या झाडाला घर मिळायला शास्त्रज्ञांच्या जगात फार वर्षं लागली. बाईंनी नंतर शाळेत मला ते सगळं कागदावर मांडून दाखवलं. १८०१ साली स्वीडनच्या ओलोफ स्वार्ट्स यांनी हिला दुसऱ्याच एका वंशात, ॲस्प्लेनियममध्ये बसवलं. १८४१ साली जर्मनीच्या लिंक यांनी तिथून काढून हिचा स्वतंत्र वंश केला. १९६२ साली इटलीच्या पिची सेर्मोल्ली यांनी या वंशातली नेची नीट निवडली. तोवर एकच समजल्या जाणाऱ्या आफ्रिकेतल्या नेच्यांतून त्यांनी वेगळ्या जाती दाखवल्या. एकीचं बीजुकांचं पान आणि साधं पान निरनिराळं, ती ‘डायमॉर्फा’, म्हणजे दोन रूपांची. एकीचा पंखा अर्धवट, ती ‘सेमिफ्लॅबेलेटा’, म्हणजे अर्ध्या पंख्याची. आपली रेडिएटा मात्र दोन्ही पानं सारखीच काढते. पिची सेर्मोल्ली यांनी या वंशाला स्वतंत्र कुळही दिलं होतं. पण अलीकडे पेशींतल्या डीएनएवरून नाती तपासली, तेव्हा २०१६ सालच्या नव्या मांडणीत ती एका मोठ्या कुळात, टेरिडेसीमध्ये गेली. त्याच कुळात हंसराजही आहे. म्हणजे पुडीतलं नेचं, किल्ल्यावरचा हंसराज आणि ही मोरपंखी एकाच कुळातल्या. हंसराज आणि पुडीतलं नेचं सख्खी भावंडं, आणि मोरपंखी लांबची चुलतबहीण.

आपल्या भागातल्या नेच्यांवर कोणी कामच केलं नाही असंही नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी’अल्मेडा यांनी ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक १९२२ सालीच लिहून ठेवलं आहे. आपल्याला मात्र दारातल्या भिंतीवरचं झाड शंभर वर्षांनंतरही ‘काहीतरी शेवाळासारखं’च असतं.

लेकीने विचारलं, “आई, मोरपंखीचं गाव कोणतं?”

बोईसरला राहणाऱ्या मुलीने हाच प्रश्न विचारावा, यात नवल नाही. १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातले लोक इथे आले. आमच्या इमारतीत जिन्यावर नवीन माणूस भेटलं, की पहिला प्रश्न “तुमचं गाव कोणतं?” हाच. आम्हीही साताऱ्याकडून आलेलो. उत्तर देताना लेक दरवेळी अडखळते, सातारा म्हणू की बोईसर.

मोरपंखीच्या वंशात जगात पाच-सहाच जाती. त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत आणि तिच्या शेजारच्या बेटांवर आहेत, म्हणून तिचं गोत आफ्रिकेकडे जास्त हे खरं. केनिया, टांझानिया, इथिओपियाच्या कोरड्या कातळांवर हीच रेडिएटा उभी आहे. मादागास्करमध्ये आहे, अरबस्तानात आहे, इराणमध्ये आहे. मग आपल्या दख्खनच्या किल्ल्यांवर, डोंगरांवर, पुढे श्रीलंकेत आणि म्यानमारमध्ये. जिथे जिथे थोडे महिने पाऊस आणि बाकी वर्षभर तापलेला दगड, तिथे तिथे ती. तिला इथे कोणी आणून लावलेली नाही. बीजुकं वाऱ्यावर लांब जातात, म्हणून नेच्यांचे मुलूख असे ऐसपैस असतात. मी लेकीला म्हटलं, “तिचं गाव म्हणजे भेग पडलेला कातळ. तो आफ्रिकेत असो की वाघोबा खिंडीत, दोन्हीकडे ती घरचीच.”

काकडीवाल्या मावशी तोवर आमच्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना हळूच विचारलं, “मावशी, मूल व्हावं म्हणून ही देतात का हो?”

“देत्यात कोणी कोणी,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या सुनंला मी सरकारी दवाखान्यात नेली. पोरालाबी नेला.” आणि नणंदेकडे बघून, काहीएक न विचारता, त्यांनी एक कोवळी काकडी तिच्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत.

आम्ही मोरपंखीचं एकही पान तोडलं नाही. लेकीने वहीत तिन्ही नेच्यांची चित्रं काढली आणि खाली लिहिलं: ‘१. हंसराज – देठ गुळगुळीत, पर्णिकेला देठ. २. पुडीतलं – देठाला लव, कड कातरलेली. ३. मोरपंखी – पंखा, दोन दोन फाटे.’ एवढ्या तीन ओळींत माझ्या शिकवण्यातली चूकही दुरुस्त झाली. पुढच्या सोमवारी सहावीच्या वर्गात मी सरळ सांगून टाकलं, “मुलींनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.” मुली हसल्या, पण मधल्या सुट्टीत सगळ्या भिंतीपाशी पानं उलटून बघत होत्या.

मार्गशीर्षात पुन्हा

नणंद जायच्या आदल्या रात्री मी भांडी विसळत होते. ती पदराला हात पुसत म्हणाली, “वहिनी, पुडी तुझ्याकडेच ठेव. मी आधी ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे जाते. सासूबाईंशी काय बोलायचं ते मी बघेन.” दाराआड सासूबाई उभ्या होत्या, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, “विहीणबाईंशी मी बोलते. तुम्ही पोरींनी मला किल्ल्याची थाप मारलीत, पण मला काय कळत नाही होय?”

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी आणि लेक मुद्दाम पुन्हा खिंडीत गेलो. हंसराज सुकून गेला होता. मोरपंखी शोधायला मात्र वेळ लागला, कारण पिसारे मिटून, तपकिरी होऊन काड्यांसारखे दिसत होते. मेलेल्याच वाटत होत्या. पण हे नेचं कोरड्या दिवसांत असं मिटून राहतं आणि पाणी मिळालं की पुन्हा उलगडून हिरवं होतं. लेकीला बाटली रिकामी करायची होती. मी नको म्हटलं. आपल्या कौतुकापायी तिला अवेळी कशाला उठवायचं? तिचा पाऊस येईल तेव्हा ती उठेल.

तुम्हाला जायचं असेल तर श्रावण ते आश्विन हे दिवस चांगले. सकाळी शिरगाव, दुपारी वाघोबा खिंड, संध्याकाळी घरी, असा एका दिवसाचा बेत होतो. पायांत घट्ट चपला हव्यात, कातळ निसरडा असतो. लहानसं भिंग असेल तर बरोबर घ्या. पान तोडू नका, उलटून बघा आणि तसंच ठेवा. कोणी त्याची पुडी बांधून दिली तर कितीही मोठं नाव सांगितलं तरी तोंडात घालू नका. आधी जाणत्या वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारा.

परवाच नणंदेचा फोन आला. दोघांच्या तपासण्या झाल्या आहेत, औषधं सुरू आहेत, जावईबापू स्वतः बरोबर येतात. सांगण्यासारखं अजून काही नाही, असं ती म्हणाली. आवाज मात्र मोकळा वाटला. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, “वहिनी, ती खिंडीतली कशी आहे गं?”

“मिटली आहे,” मी म्हटलं. “पण आहे.”